थोरली लिंक

मी रागीट माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. औशात लातूर–सोलापूर रस्त्याला माझं मोटार-पंपाचं दुकान आहे. तिथं येणारं गिऱ्हाईक आधी माझ्या तोंडाकडं बघतं आणि मग भाव विचारतं. माझं नाव रेवणसिद्ध, पण सगळे अण्णाच म्हणतात, माझ्याहून वयानं मोठी माणसंसुद्धा. ही गोष्ट मात्र माझी नाही, माझ्या धाकट्या भावाची आहे. सोमेश त्याचं नाव. तो माझ्या अगदी उलटा. त्याला राग येतो की नाही हेच मला बरीच वर्षं ठाऊक नव्हतं.

आमच्यात सतरा वर्षांचं अंतर. तो सहा वर्षांचा असताना आमचे वडील, अप्पा, गेले. त्या दिवसापासून त्याच्या शाळेच्या कागदावर पालक म्हणून माझी सही. केस कधी कापायचे, कुठल्या शाळेत घालायचं, कुणाशी खेळायचं, सगळं मी सांगायचो आणि तो करायचा. मान डोलवायची आणि निघायचं, एवढंच त्याचं बोलणं. मला वाटायचं, पोरगं किती आज्ञेतलं आहे. खरं तर ते पोरगं निम्मा वेळ तिथं नसायचंच.

दुकानात काळ्या पाइपांची भेंडोळी पडलेली असायची. सोमेश त्यांच्या मधोमध जाऊन बसायचा आणि पाइपाच्या तोंडाला कान लावायचा. दुपार कलेपर्यंत बसायचा. एकदा मी खेकसलो, "काय ऐकून राहिलास रे?"

"पाणी यायलंय, अण्णा," तो म्हणाला.

पाइप कोरा करकरीत, कंपनीतून आदल्या दिवशी आलेला. पाणी कुठलं डोंबलाचं. पण त्याच्या तोंडाकडं बघून मीही क्षणभर दुसऱ्या टोकाला कान लावला. गिऱ्हाईक नव्हतं, कुणी बघितलं नाही. आत खरंच काहीतरी लांबून येत असल्यासारखा आवाज होता.

पुढं तो नांदेडला इंजिनीअर झाला. मग हैदराबादला एका कंपनीत लागला आणि लॉकडाऊनमध्ये बॅग घेऊन घरी आला. दुकानावरच्या माडीत त्यानं टेबल टाकलं, खिडकीतून किल्ल्याचा तट दिसेल असं. सगळे परत गेले तरी हा गेला नाही. कंपनीनं त्याला एक काम दिलं होतं आणि ते होईपर्यंत औशातून करायची मुभा होती. मला तेवढंच पाहिजे होतं. घरात पुन्हा दोन पुरुषमाणसं झाली. आमची आई, अव्वा, बारीक आवाजात गुणगुणायला लागली. सकाळी माझी पूजा झाली की सगळ्यांची ताटं एकदम वाढली जायची. माझी पूजा झाल्याशिवाय आमच्याकडं कुणी जेवत नाही. हा नियम मी केला नाही, अप्पांच्या वेळेपासून चालत आलेला आहे.

त्याचं काम काय, हे मला वर्षभर कळलं नाही आणि विचारायला कमीपणा वाटायचा. शेवटी माझ्या बायकोनं, नीलम्मानं, विचारलं.

"भाऊजी, तुमी दिवसभर वर काय करून राहिलाव?"

सोमेशनं भाकरीचा तुकडा तसाच हातात धरला. एकदा हा सांगायला लागला की समोरच्यानं आडाचं पाणी ओढून आणावं, तोवर याचं एक वाक्य होतं. पण त्या दिवशी तो चांगलं बोलला.

"वैनी, मोबाईलमदी सिम असतंय का न्हाई, तसं नुसतं सिमचं एक यंत्र असतंय. मोडेम. ते टाकीवर बसवा, ट्रकात बसवा, कुठंबी बसवा. त्यातून हवेतल्या हवेत लिंक निघती. एकच न्हाई, एका सिमवर चार निघतेत, आठ निघतेत. एक रोजच्या कामाची, एक कंपनीच्या निरोपाची, एक अडीअडचणीची. पर प्रत्येक कंपनीच्या मोडेमला लिंक मागायची रीत न्यारी. एकाला असं म्हणा, दुसऱ्याला तसं म्हणा. मी सगळ्यांसाठी एकच खिडकी करून राहिलोय. कुणीबी यावं, एकाच शब्दांत लिंक मागावी. मागं मोडेम कुणाचं का असंना."

"आन् ही खिडकी असती कुठं?"

"कर्नेलमदी. यंत्राच्या पोटातला कारभारी असतोय तो. दिसत न्हाई, पर त्याच्याबिगर काई हालत न्हाई."

"आमच्याकडचा कारभारी तर लई दिसतोय बाई," नीलम्मा म्हणाली आणि माझ्या ताटात वरण वाढलं. अव्वा पदरात तोंड घालून हसली.

त्यानंतर मला नाद लागला. संध्याकाळी दुकान आवरलं की मी गच्चीवर जायचो. सोमेश तिथं आधीच पडलेला असायचा, डोक्याखाली हात घालून. ऊन उतरलेलं, किल्ल्याच्या बाजूला पाखरं, एसटी स्टँडवरून गाड्यांचे आवाज. तो म्हणायचा, "अण्णा, आत्ताबी जायल्यात बगा." मी वर बघायचो. आकाशात काही नाही. पण बघत राहिलं की वाटायचं, आहे. बारीक, बारीक लिंका, एकीला दुसरी लागत नाही, सगळ्या कुठंतरी निघालेल्या. निलंग्याकडं, उदगीरकडं, बालाघाटाच्या डोंगरावरून पार पलीकडं. कुणाच्या विहिरीचं पाणी किती खाली गेलं हे सांगायला एक, कुणाचा ट्रक कुठं थांबला हे सांगायला एक. आमच्या अंगावरून जायच्या आणि आम्हाला काही व्हायचं नाही. मी पन्नाशीकडं झुकलेला दुकानदार माणूस, मला असलं कधी सुचलं नव्हतं. त्या गच्चीवर पडून मला अर्धा-अर्धा तास काहीही बोलावंसं वाटायचं नाही. ते दिवस फार चांगले होते.

काम करायची त्याची तऱ्हाही अजब. त्याला साहेब नव्हता. तो जे लिहायचा ते ई-मेलच्या पत्रातून जाहीर पाठवायचा, आणि जगातून कुणीही उठून त्यात चूक काढायचा. कुणी जर्मनीचा, कुणी फिनलंडचा. तो वाचून दाखवायचा आणि माझं डोकं तापायचं.

"हे कोण टिक्कोजीराव तुला शिकवणारे? फोन लाव, मी बोलतो."

"त्यानं चूक दाखवली, अण्णा. बरं केलं."

मग पुन्हा लिहायचा. अशा आठ खेपा झाल्या, नववी गेली, आणि फेब्रुवारीच्या शेवटी एका दुपारी तो माडीवरून खाली आला, पायात चप्पल नाही. या सगळ्याचा हिशोब ठेवणारे तिकडचे एक वयस्क गृहस्थ होते. त्यांनी लिहिलं होतं की नववी खेप ठीक आहे, पुढल्या महिन्यातल्या एका रविवारी आम्ही ती घेऊ. घेऊ म्हणजे कायमची घेऊ. मग जगातली सगळी यंत्रं सोमेशच्या खिडकीतून लिंक मागणार. कंपनीचाही शब्द होता. काम त्या तारखेला आत गेलं तर नोकरी पक्की आणि औशातूनच करायची. नाही गेलं तर हैदराबादला येऊन बसायचं.

मी दुसऱ्या दिवशी गच्चीवर विटा टाकल्या. त्याला लग्न करून वरती खोली लागणार होती. शिरूर अनंतपाळच्या एका घरातली मुलगीही माझ्या मनात होती. त्याला विचारलं नव्हतं, पण त्यात विचारायचं काय.

रविवारला आठ दिवस राहिले तेव्हा तो म्हणाला, "अण्णा, एकडाव भोकरला जाऊन यायचं. औशात टॉवर समोरच हाय, हितं लिंक कधी पडतच न्हाई. तिथं रेंज कच्ची हाय. तिथं चालली म्हंजे चालली."

भोकरच्या पुढं तलावाखाली माझ्या जुन्या गिऱ्हाइकाचं शेत आहे. भुजंग त्याचं नाव. त्याची म्हसरं नाल्याच्या कडेला बांधलेली असतात आणि तलाव भरून वाहायला लागला की पाणी पहिलं तिथं येतं. सोमेशनं मागेच तिथं सांडव्याजवळ एक डबा बसवला होता. त्यात मोडेम, आणि मोडेममधून दोन लिंका. एक रोजची, पाणी किती आहे ते कळवणारी. दुसरी नुसती बसून असणारी. पाणी खुणेच्या वर गेलं तर तिनं भुजंगाच्या फोनवर घंटी वाजवायची, बस.

पहाटे निघालो. लातूर मागं पडलं, नांदेडचा पूल गेला, आणि भोकरच्या अलीकडं सागवान लागलं. पानं गळून झाडं नुसती उभी. मधेच पळस, अंगभर फुललेला. सोमेश खिडकीला डोकं टेकून बसला होता आणि मी गाडी चालवताना एकदाही ओरडलो नाही, यावरून काय ते समजा. पोचेपर्यंत अकरा वाजून गेले. तलाव निम्मा भरलेला, पाणी हलत नव्हतं. पलीकडच्या काठाला एक बगळा उभा होता. आम्ही तिथं होतो तोवर तो तसाच होता.

सोमेशनं डब्याशेजारी लॅपटॉप उघडला. माझी पूजा राहिली होती. त्याची पहाटेच झालेली. गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन मी चिंचेखाली बसलो. भुजंगानं बेल आणून दिला. पूजेला बसलं की मला वेळ कळत नाही, आणि त्या सावलीत तर मुळीच कळला नाही. पाण्यावरून वारा यायचा, डोळे मिटलेले, तळहातावर ते गार वजन. मी किती वेळ बसलो देव जाणे. डोळे उघडले तेव्हा ऊन चिंचेच्या पलीकडं गेलं होतं.

भुजंगाच्या ओसरीवर ताटं वाढलेली दिसली. ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा. पिठल्यावर साय धरलेली. सोमेश ताटापुढं बसलेला आणि हात मांडीवर. भुजंग म्हणत होता, "खावा की सोमेशराव, गार होऊन राहिलंय."

"अण्णाचं व्हायचंय," सोमेश म्हणाला.

"अण्णाचं अण्णा खातील. तुमच्या पोटाला काय धरून ठेवलंय त्यांनी?"

भुजंग सहज बोलला. त्यांच्यात ज्याला भूक लागेल तो जेवतो. सोमेशनं मान वर केली आणि भुजंगाकडं बघितलं, मग ताटाकडं. त्याचा चेहरा उतरत गेलेला मी लांबून बघितला. तो उठला, न जेवता डब्याकडं गेला आणि लॅपटॉपपुढं उकिडवा बसला. मला वाटलं, पोटात दुखतंय. मी मागं गेलो.

"काय झालं?"

"दोन तासांत रोजची लिंक चारदा पडली," तो पडद्याकडं बघत म्हणाला. "रेंज कच्ची, पडणारच. पर ती पडली की घंटीची लिंकबी तिच्यासंगं पडली, अण्णा. चारीबी डाव. मला वाटलं मोडेम बिघडलं. मोडेम बिघडलं न्हाई."

"मग?"

"मी पहिल्या लिंकला थोरली केलंय. ज्या मोडेमला लिंक मागाल तिथं आधी थोरली उभी राहणार, बाकीच्या तिच्या मागं. थोरली बसली की समद्या बसणार. कुणी सांगितलं न्हवतं मला असं कर म्हणून. कुणी इचारलंबी न्हाई, जुनी रीत थोडीफार तशीच होती. मी लिहून मोकळा झालो." मग म्हणाला, "मी आपलं घर लिहून ठेवलंय त्यात."

भुजंगाची म्हैस नाल्यात उतरत होती, तिच्याकडं मी बघत राहिलो. ऊन इतकं शांत होतं की तो काय म्हणाला ते अंगाला लागायला वेळ लागला. लागलं तेव्हा नीट लागलं.

परतीच्या वाटेवर नांदेड ओलांडल्यावर मी तोंड उघडलं. "घंटीच्या लिंकलाच थोरली कर. झालं."

"मग ती पडली की रोजची पडंल. आन् कुणाच्या गावात कुठली थोरली, हे मी औशात बसून कसं ठरवू? कुणीच थोरली नको. समद्यांनी सरळ मोडेमवर उभं राहायचं. आपापलं नाव, आपापला नंबर. एक बसली तर बसू द्या."

"मग आता?"

"पत्र लिहून सांगावं लागंल. नववी खेप घेऊ नका म्हणून."

मी गाडी कडेला घेतली. मला आठवतं, शेजारी करडईचं रान होतं, पिवळं, वाळत आलेलं. मी विचारलं, आत जाऊ दे, मागाहून दुरुस्त कर, काय बिघडतं. तो म्हणाला, तसं होत नाही. एकदा लोकांच्या हातात दिलेली रीत कर्नेल परत घेत नाही, हा त्यांचा पहिला नियम. कुणी ना कुणी त्यावर काहीतरी उभं केलेलं असतं, ते मोडून चालत नाही. रविवारी आत गेलं की थोरली कायमची. आपण मेल्यावरसुद्धा.

"किती दिवस लागतील नव्यानं करायला?"

"पाच-सा महिने."

"म्हणजे हैदराबाद."

"हाव."

"न्हाई पाठवायचं," मी म्हणालो. "मी सांगतोय. एवढे शहाणे लोक ठीक म्हणाले, तू एकटा कामून उपटसुंभ? भुजंगाचं मी बघतो. त्याला दुसरा डबा घेऊन देतो. तू ते पत्र पाठवायचं न्हाई."

त्यानं नेहमीसारखी मान डोलवली. मी गाडी सुरू केली. माझ्या लेखी विषय संपला होता. आजवर माझा शब्द त्यानं कधी मोडला नव्हता आणि मला त्याचा अभिमान होता. औसा येईपर्यंत तो खिडकीबाहेर बघत होता, आणि मी मुलीकडं कधी जायचं याचे दिवस मनात मोजत होतो.

खरं सांगायचं तर मला लिंकेचं काही पडलं नव्हतं. तो जाईल, एवढंच कळत होतं. तो हैदराबादला होता ती पाच वर्षं घर कसं होतं ते मला ठाऊक आहे. मी एकटा बोलायचो आणि बायका ऐकायच्या. त्याला सांभाळला म्हणून मी बापासारखा, असं लोक म्हणतात. पण संध्याकाळी गच्चीवर त्याच्याशेजारी पडल्यावर मलाच कुणीतरी सांभाळल्यासारखं वाटायचं. हे त्याला सांगायची माझी जीभ नाही. माझी जीभ हुकूम द्यायला वळलेली.

शुक्रवारी सकाळी मी शटर वर करत होतो. सोमेश जिना उतरून आला आणि समोर उभा राहिला. रस्त्यावर नुकतं ऊन पडत होतं, झाडलोट चालली होती. दाढी केलेली, धुतलेला शर्ट घातलेला. कुठं निघालाय, मला वाटलं.

"अण्णा, मी आज ते पत्र पाठवणार हाय."

"मी न्हाई म्हणालो होतो."

"हाव, म्हणाला होता. म्हणूनच सांगायला आलो. इचारायला न्हाई आलो. तुमच्या माघारी केलं असतं तर तुमाला कळलंबी नसतं. पर ते मला बरं वाटलं न्हाई."

माझ्या हातात शटरचा आकडा होता. तो मी खाली आपटला. समोरचा चहावाला बघायला लागला.

"मग जा," मी म्हणालो. "आजच जा. तुला घर जड झालंय, सरळ सांग. लिंकेचं निमित्त कशाला?"

तो हलला नाही. डोळे भरले, पण हलला नाही. "घर जड न्हाई झालं," तो म्हणाला. "तुमी बसला की समदे बसतो आमी, अण्णा. तुमचा तीन दिवस अबोला असला की वैनी जेवत न्हाई, अव्वा औषिद घेत न्हाई, मी वर जाऊन एक ओळ लिहीत न्हाई. आमाला त्याची सवय हाय. भुजंगाच्या म्हसरांना कामून लावावी?"

आणि तो वर गेला. मी गल्ल्यावर बसलो. माडीवर कळा दाबल्याचा आवाज खाली येत नाही, तरी मी ऐकत होतो. अर्ध्या तासानं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. पत्र गेलं.

त्या वयस्क गृहस्थांनी दुसऱ्याच दिवशी दोन ओळींत कळवलं की नववी खेप काढून ठेवली आहे, वेळेत सांगितलं हे चांगलं केलं. कंपनीनं महिनाअखेरीला हैदराबादला बोलावलं. मी लातूरपर्यंत सोडायला गेलो नाही. औशाच्या स्टँडवरसुद्धा नाही. अव्वा आणि नीलम्मा गेल्या. मी दुकानात बसून एका माणसाला तीन अश्वशक्तीची मोटार समजावून सांगत होतो, आणि तो माणूस म्हणाला, अण्णा, हेच तुम्ही दोनदा सांगितलं.

नंतरचे महिने मला नीट आठवत नाहीत. उन्हाळा गेला, पेरण्या झाल्या. माझा स्वभाव नरमला, असं नीलम्मा म्हणते. मला वाटतं मी थकलो होतो. सोमेश रोज अव्वाला फोन करायचा. मी दिवसातून एकदा विचारायचो, काय म्हणतो, आणि तिचं उत्तर पुरतं ऐकून घ्यायचो. ऑगस्टात ती म्हणाली, त्याचं काम घेतलं म्हणे त्या लोकांनी. त्यात कुणी थोरलं नाही. भुजंगाच्या डब्यातही त्यानं तिकडूनच नवीन घातलंय. मी बरं म्हणालो आणि गच्चीवर गेलो. एकटा पडून वर बघितलं. दिसायला काही नव्हतंच, पण आता जाणवेनाही.

सप्टेंबरात नांदेडकडं चार दिवस पाणी पडत राहिलं. पाचव्या दिवशी दुपारी भुजंगाचा फोन आला. त्याला वाटत होतं डबा माझ्याच दुकानातला.

"अण्णा, घंटी वाजली. सकाळीच. मी म्हसरं सोडून वरच्या अंगाला नेली, आन् घटकाभरात नाला गोठ्यातून गेला. एकबी गेलं न्हाई. लेकरंबी तिथंच खेळत होती हो." मग म्हणाला, "सोमेशराव सांगून राहिले, रोजची लिंक दोन दिवसांपासून बंदच हाय म्हणे. तरी घंटी वाजली. हे कसं काय?"

मी त्याला म्हणालो, "त्याचं त्याला ठाऊक. मला इचारू नको, ते काम माझं न्हाई. माझं चाललं असतं तर तुझी घंटी वाजली नसती." भुजंगाला काही कळलं नाही. मी फोन ठेवला आणि दस्तीनं डोळे पुसले. रडायला आलं होतं, खोटं कशाला बोलू.

मग मी सोमेशला फोन लावला. सहा महिन्यांत पहिल्यांदा. तो "अण्णा" म्हणाला. त्याच्याकडं पंखा फिरत होता, ऐकू येत होतं. मी भुजंगाचं सांगितलं. त्याला ठाऊकच होतं. मग तो हळूच म्हणाला, "कंपनी म्हणून राहिली, आता काम झालंय. औशातून करायचं तर करा. मी काई उत्तर दिलं न्हाई अजून. तुमी काय म्हणता?"

जिभेच्या टोकावर होतं. ये, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो असतो तर तो त्याच आठवड्यात बॅग घेऊन आला असता, मान डोलवत, न बोलता. ते मला आतून कळत होतं आणि त्याचीच भीती वाटली.

"माझं राहू दे," मी म्हणालो. "तुला काय वाटतं?"

पंख्याचा आवाज थांबला. मला वाटलं फोन कटला.

"हितं बरं वाटायलंय, अण्णा," तो म्हणाला.

"मग राहा," मी म्हणालो. आजवर मी त्याला पहिल्यांदाच त्याच्या मनातलं विचारलं होतं, आणि मला नको होतं तेच उत्तर आलं.